दोरा कधी कापायचा

आधी बुंधा भिजत घालायचा.
दिंडोरीच्या गणोऱ्यांनी थॉमसनची बाग काढून
नवी जात लावली, त्या वर्षीचा हा वेलीचा बुंधा,
माझ्या मनगटाएवढा, पीळ पडलेला.
पंधरा दिवस बादलीत. पाणी रोज बदललं
तरी संध्याकाळी चहासारखं होतं.
इतकी वर्षं अंगावर फवारलेलं
एकदम कसं सोडेल?

झाड मिळालं ते गंगापूर रोडच्या रुंदीकरणात.
आंबा आडवा पडला होता, करवतवाले जेवायला बसलेले,
आणि फांदीच्या बेचक्यात ही, मुळं उघडी,
कुणी अर्ध्यात टाकलेल्या विणकामासारखी.
"बांडगूळ आहे ते, बाई. न्या, फुकट आहे."
मी म्हटलं, बांडगूळ झाडाचं खातं.
ही नुसती बसते.
"मग आमच्या मुकादमासारखी,"
म्हणाला, आणि भाकरी मोडली.

कुंडी नको हिला. माती तर नकोच.
शेजारच्या कुलथेबाईंना हे अजून पटलेलं नाही.
येता-जाता चिमूटभर शेणखत
मुळांवर ठेवून जातात, अक्षता वाहाव्यात तसं.
त्या गेल्या की मी ते झटकते.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, कड सरकलेली,
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर.
तीच बोटं आता काथ्या पातळ पसरतात,
त्यावर मूळ, त्यावर गळाचा नायलॉन दोरा,
तीन वेढे, फार तर चार.
सैल बांधलं तर झाड हलतं,
आणि हलणारं झाड धरत नाही.
करकचून बांधलं तर मूळ कापतं.
मधलं माप कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पानं खाली झुकतील असं टांगायचं,
शेंड्यात पाणी साचता कामा नये.
बोअरचं पाणी पांढरे डाग धरतं, म्हणून पिंपातलं, साठवलेलं.
एप्रिलात दोनदा. पहिलं, प्रेसचा सकाळचा भोंगा झाला की.
कोरडी मुळं खडूसारखी असतात,
पाणी पडलं की डोळ्यांदेखत हिरवी होतात.
निवृत्त झाले तरी
मी भोंग्याच्या आधी उठते ती एवढ्यासाठी.

हिला आपल्याकडे सीतेची वेणी म्हणतात.
फुलली की वीतभर लोंबते, पांढऱ्यावर जांभळे ठिपके.
"वनवासात सीतेची वेणी कोण घालायचं?"
पंचवटीत, काळारामाच्या रांगेत गार्गीने विचारलं होतं.
अकरा वर्षांची होती. विचारलं वडिलांना, मला नाही.
मी घरात येऊन तेव्हा चारच महिने झाले होते.
केसांना हात लावू द्यायची नाही.
आरशासमोर स्वतःच फणी घेऊन बसायची,
आणि तो वाकडा भांग तसाच घेऊन शाळेत जायची.
मी गॅलरीतून बघत राहायची.
डबा, छत्री, वह्यांची कव्हरं.
तीन वेढे, फार तर चार.

परवा आली होती कोइमतूरहून, दोन दिवसांसाठी.
केस कानापर्यंत कापलेले. छान दिसत होते.
चहा घेऊन गॅलरीत गेली, बुंध्याजवळ वाकली,
मुळाखाली नख घालून पाहिलं.
"अगं, हे हलतसुद्धा नाही.
दोरा कशाला ठेवलायस अजून?"
मला पटकन उत्तर सुचलं नाही.
म्हटलं, असू दे, वाऱ्याचं.

तिनेच स्वयंपाकघरातून कात्री आणली,
दुधाची पिशवी कापायची, तीच.
तीन वेढे निघाले. चौथा निघेना.
मूळ त्याच्यावरून वाढत गेलं होतं,
दोरा आत घेऊन लाकडाच्या चिरेत उतरलं होतं.
तिने एकदा ओढून पाहिलं.
मग थांबली.
"राहू दे हा," म्हणाली,
आणि निघालेले तुकडे मुठीत घेऊन आत गेली.

यंदा फूल नाही.
कुलथेबाई म्हणतात, खत घाला.